रवांडातील तीन आठवडे आणि त्या मुलांचे रडणे

चौकस: ‘२०१३ साली किगालीच्या अनाथालयात तीन आठवडे इंग्रजी शिकवले, निघताना मुले बिलगून रडली, आयुष्याचे सार्थक झाले,’ हे परवाचे लेखन वाचून राहवले नाही, म्हणून हा धागा. रवांडा सरकारने २०१२ सालीच अनाथालये टप्प्याटप्प्याने बंद करून मुलांना कुटुंबांत पाठवण्याचे धोरण स्वीकारले होते, कारण त्यांतील पुष्कळ मुलांचे आईवडील किंवा नातलग हयात होते. दर महिन्याला नवी ताई येते, लळा लावते आणि निघून जाते. त्या रडण्यात सार्थक कसले?

रानवाटा: ते लेखन माझे आहे, हे सांगायला संकोच कशाला? निघताना एका मुलीने माझ्या ओढणीचे टोक स्वतःच्या मनगटाला बांधून घेतले होते. ती गाठ मी सोडवली आहे. तुम्ही धोरणे वाचली आहेत.

निवृत्त मास्तर: ताई, मुळात इंग्रजीच का? रवांडाने २००८ साली फ्रेंच काढून इंग्रजी माध्यम आणले, २०११ साली पहिली तीन वर्षे तेथील मातृभाषेला, किन्यारवांडाला दिली आणि २०१९ साली पुन्हा पहिलीपासून इंग्रजी केले. घरी सगळे किन्यारवांडाच बोलतात! आमच्या शाळेत सेमी-इंग्रजी आल्यावर फळ्यावर धडाधड गुणाकार करणारी पोरे ‘मल्टिप्लाय’ म्हणताच खाली माना घालून बसत.

अनिवासी: मास्तर, धागा कोणताही असो, तुमचे माध्यमपुराण ठरलेले! १९९४च्या नरसंहारानंतर युगांडातून परतलेले निर्वासित इंग्रजीत शिकलेले होते, देश २००७ साली इंग्रजीत कारभार चालणाऱ्या शेजारी देशांच्या पूर्व आफ्रिकी समुदायात गेला, मग त्यांनी फ्रेंच कवटाळून बसायचे होते काय? आपली नातवंडे कोणत्या माध्यमात आहेत, तेही एकदा सांगून टाका.

निवृत्त मास्तर: इंग्रजी. सुनेपुढे माझे चालले नाही. म्हणून फळ्यापाशी पाहिलेले खोटे ठरत नाही. आणि मी फ्रेंचची नव्हे, किन्यारवांडाची बाजू घेतली होती. नीट वाचत चला.

चौकस: माध्यमासाठी कृपया वेगळा धागा काढावा. रानवाटाताई, विमानाच्या तिकिटाच्या पैशांत तेथीलच एखाद्या शिक्षिकेचा पगार काही महिने निघाला असता, एवढे तरी मान्य कराल?

रानवाटा: करते. आणखीही एक घ्या, म्हणजे आपले समाधान होईल. पहिल्या दिवशी मी रंगांचे तक्ते उघडले, तर मी तोंड उघडण्याआधीच सगळ्या वर्गाने एका सुरात रंगांची इंग्रजी नावे म्हणून दाखवली, तीही मी लावलेल्याच क्रमाने. आधीच्या ताईंनी तेच शिकवले होते, बहुधा त्यांच्या आधीच्यांनीही. तरी पुढचे चार दिवस मी रंगच शिकवले. हे लेखात लिहिले नव्हते.