बांधकामावरच्या पोरांना शाळा 'जूनमध्ये या' म्हणू शकते का? (नाशिक)

गोदाकाठचा_गण्या
मंडळी, पाथर्डी फाट्याला आमच्या सोसायटीला लागून एका बिल्डिंगचं काम चालूये, तिथं पत्र्याच्या शेडमध्ये मध्य प्रदेशातल्या बडवानीकडची चार-पाच कुटुंबं राहतात. त्यातली एक पोरगी, असेल नऊ-दहा वर्षांची, रोज सकाळी कडेवर धाकटा भाऊ आणि हातात तेलाचा रिकामा डबा घेऊन आमच्या वॉचमनकडे पाणी मागायला येते. परवा माझ्या पोराच्या दप्तराकडे बघत उभी होती म्हणून विचारलं शाळेत जाते का, तर म्हणे 'तीसरी में थी, फिर इधर आ गए'.

मी तिला आणि तिच्या बापाला घेऊन जवळच्या शाळेत गेलो (नाव लिहीत नाही). आधार आहे का? नाही, गावी राहिलं. दाखला? नाही. मग जूनमध्ये या. बाप अर्धी हजेरी बुडवून आलेला, हात जोडून निघाला पण.
आपण १९९२ ला संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार मान्य केलाय, शिक्षण मूलभूत हक्क आहे वगैरे सगळं ऐकतो. मग हे त्या पोरीला लागू नाही का? की गाव सोडलं की हक्क पण सुटला?

पेठरोडचे_मास्तर
लागू आहे की! ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून चालू. कलम ५ वाचा, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, उलट मुद्दाम दाखला अडकवणाऱ्या मुख्याध्यापकावरच कारवाई होऊ शकते. वयाचा पुरावा नाही म्हणूनही परत पाठवता येत नाही (कलम १४), आणि वर्षाच्या मध्ये आलं तरी घ्यावंच लागतं (कलम १५). कलम ९ मध्ये तर स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांना प्रवेश देणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी असं सरळ लिहिलंय, म्हणजे तुमच्याकडे महापालिका. आधारचं म्हणाल तर २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने शाळाप्रवेशाला सक्ती नको असं सांगून टाकलंय.

पण दादा, खरं सांगू का, मुख्याध्यापक दरवेळी दुष्टच असतो असं नाही. संच मान्यतेला आधार व्हॅलिड झालेलीच पोरं धरतात, त्यावर शिक्षक किती ते ठरतं. बिनआधारची पोरगी त्याच्या वर्गात बसते, खिचडी खाते, पण मोजणीत नसते. आणि तिकडे गावच्या पटावर तिचं नाव अजून असणारच, म्हणजे कागदावर ती शाळेतच आहे!! शाळाबाह्य मुलांच्या सर्व्हेत सापडणार कुठून. आमच्या सुरगाण्या-पेठच्या पाड्यांवर हेच बघितलंय, दिवाळीनंतर अर्धा वर्ग निफाड-दिंडोरीला द्राक्षाच्या बागांवर, हजेरीपुस्तक मात्र फुल्ल. पोराचा हक्क त्याच्याबरोबर फिरत नाही, तो गावच्या रजिस्टरला बांधलेला.

निफाडकर_बागायतदार
मास्तर आम्हालाच धरणार माहितीच होतं 😀 आम्ही पोरांना कामाला लावत नाही हो. टोळी येते ती बिऱ्हाड घेऊनच येते, पोरं मागं ठेवायची कोणाकडे? मुकादमाशी एकरावर उक्तं ठरतं, आता थिनिंगला (घडातले जादा मणी काढायला) बाईबरोबर आठ वर्षांचं पोर दोन घड साफ करतं तर त्याला हाकलू का

पेठरोडचे_मास्तर
भाऊ, रागावू नका, पण बालमजुरी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीत घरच्यांना मदतीची सवलत आहे ती स्वतःच्या कुटुंबाच्या धंद्याला, ती पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. आईबाप तुमच्याकडे मजुरीला असतील तर तो त्यांचा 'घरचा धंदा' होत नाही.

उगाच_बोलतो
करार-बिरार सोडा हो. अमेरिकेने तो अजून मान्यच केलेला नाही आणि आपण मान्य करताना बालमजुरीच्या कलमावर 'हळूहळू करू' असं निवेदन जोडलंय. हळूहळू म्हणजे किती, तर वेठबिगारी बंदी १९७६ ची आणि २०२२ ला आपल्याच इगतपुरीत कातकऱ्यांची पोरं मेंढ्या राखायला दिलेली उघडकीस आली, तेही एक पोरगी दगावल्यावर.

सिडकोची_ताई
सगळे पोरीच्या शाळेचं बोलताय, कडेवरच्या भावाचं काय? तो सुटल्याशिवाय ती शाळेत बसणार कशी. शिक्षण हक्काचा कायदा ६ वर्षांपासून पुढे. साईटवर पाळणाघराची तरतूद १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात केली, पण त्यात अट होती ५० च्या वर बाया कामाला असतील तरच, आणि सात मजल्याच्या कामावर एवढ्या बाया कोण दाखवायचं. गण्या, आधी अंगणवाडी गाठ. बाळाचं वजन, लस, खाऊ तिथं होईल, तीन वर्षांचा असला तर बसेल पण. आणि कोणी पोराला मारझोड करताना, राबवताना दिसलं तर १०९८.

गोदाकाठचा_गण्या
अपडेट. मास्तरांची कलमं कागदावर लिहून अर्ज दिला, पोच मागितली. पोच म्हटल्यावर बाईंचा आवाजच बदलला, 'बसू दे उद्यापासून, आधारचं नंतर बघू.' चौथीत बसवलीये, वयाप्रमाणे. भाऊ अजून अडीच वर्षांचाच आहे, अंगणवाडीत नाव घेतलं पण दिवसभर ठेवत नाहीत, तर दुपारपर्यंत वॉचमनची बायको बघते, महिन्याचे काय ते आम्ही तीन घरं मिळून देतोय.
आता नवीन भानगड, वरचा स्लॅब झाला की ठेकेदार टोळीला दिंडोरीकडच्या साईटवर नेणार म्हणतोय, पंधरा-वीस दिवसांत. मास्तर, जाताना शाळेकडून नक्की काय लिहून घेऊ?

पेठरोडचे_मास्तर
शिक्षण हमी कार्ड मागा. कितवीत आहे, काय झालंय सगळं भरून सही-शिक्का. ते दाखवलं की पुढच्या शाळेने थेट बसवायचं असतं. दोन झेरॉक्स काढून एक बापाकडे, एक तुमच्याकडे ठेवा, पत्र्याच्या शेडमध्ये कागद टिकत नाही. कुठल्या गावाला जातायत ते कळलं की इथं टाका, तिकडच्या केंद्रप्रमुखांना मी फोन करतो.