मदत हवी आहे: विमान स्वतःच सांगतं ती जागा खरी आहे हे तपासायचं कसं? (एडीएस-बी)

मंडळी, रेडिओ किंवा विमान वाहतुकीतलं कुणी जाणकार असेल तर प्लीज मदत करा. विमानं १०९० मेगाहर्ट्झवर जे एडीएस-बी मेसेज (स्वतःची जागा, उंची वगैरे आपणहून जाहीर करणारे) सोडत असतात ते यूएसबी डोंगलने, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या छोट्या रेडिओ रिसीव्हरने पकडून, डिकोड करून नकाशावर टाकायचा प्रोजेक्ट करतेय. विमानं दिसायला लागली, पण दोन गोष्टी काही केल्या सुटत नाहीयेत.

एक, काही विमानांचा २४ बिटचा आयडी येतो, उंची येते, सिग्नल पण जोरदार असतो, पण जागा येतच नाही, आणि त्याच वेळी त्याच्याहून लांबच्या विमानाची जागा मात्र व्यवस्थित दिसते. दोन, एखादं विमान सरळ चाललेलं असतं आणि मध्येच एक ठिपका शेकडो किलोमीटर लांब पडतो, पुढचा ठिपका परत रेषेवर.

हे बघून मला मूळ शंकाच आली. जुन्या सेकंडरी रडारमध्ये जमिनीवरून १०३० वर विचारणा जाते, विमान १०९० वर उत्तर देतं, उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर आणि अँटेनाचं तोंड कुठे होतं त्यावरून दिशा, म्हणजे जागा आपण मोजतो. इथे विमान जीपीएसवरून स्वतःची जागा काढतं आणि कुणी न विचारता सेकंदाला साधारण दोनदा सांगत सुटतं, मेसेजला ना एन्क्रिप्शन ना कसली सही. अमेरिकेत २०२० पासून बऱ्याचशा हवाई हद्दीत हे सक्तीचं आहे, मग कंट्रोलर भरवसा ठेवतो तो नक्की कशावर?

प्रतिसाद १
पहिल्याचं सोपं आहे, मेसेजचा डाउनलिंक फॉरमॅट, म्हणजे मेसेज कुठल्या प्रकारचा ते सांगणारा आकडा बघा. १७ असेल तर एडीएस-बी. नुसते ४, ५, ११ येत असतील तर त्या विमानात मोड एस ट्रान्सपाँडर (रडारच्या विचारणेला आपल्या आयडीसकट उत्तर देणारं यंत्र) आहे पण ते जागा सांगतच नाहीये, उंची दिसते ती रडारला दिलेल्या उत्तरातली.

ठिपक्याच्या उडीचं कारण बहुतेक सीपीआर, म्हणजे जागा कमी बिटांत लिहायची पद्धत. अक्षांश-रेखांश प्रत्येकी १७ बिटांत बसवायचे म्हणून पृथ्वीचे पट्टे पाडलेत आणि मेसेजमध्ये फक्त पट्ट्याच्या आतली जागा असते, पट्टा कुठला ते सम आणि विषम असे दोन मेसेज जुळवल्यावर कळतं. जोडीतला एक जुना असेल तर पट्टा चुकतो आणि विमान भलतीकडेच जाऊन पडतं. दोघांत १० सेकंदांपेक्षा जास्त अंतर असेल तर जोडी सरळ टाकून द्या. डिकोडरमध्ये दोन बिट दुरुस्त करायचा पर्याय चालू असेल तर तोही बंद करा, त्याने खोटे मेसेज खरे ठरतात.

प्रतिसाद २
भरवशाबद्दल. विमान जागेसोबत तिचा दर्जा पण सांगतं, एनआयसी (जागा किती हद्दीच्या आत आहे याची खात्री) आणि एनएसीपी (जागा किती अचूक) हे आकडे बघा. जीपीएस जॅम झालं की ते घसरतात आणि सिस्टीम ती जागा वापरायची थांबते. पण कुणी मुद्दाम खोटं जीपीएस पाजलं तर आकडे छान दिसूनही जागा चुकीची असू शकते, तिथे बाहेरूनच तपासावं लागतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी रडार ठेवलेत आणि जोडीला मल्टिलॅटरेशन, म्हणजे एकच मेसेज चार किंवा जास्त रिसीव्हरवर किती पुढेमागे पोचला त्यावरून जागा काढायची. त्यात विमान काय म्हणतंय याच्याशी देणंघेणंच नाही. महासागरावर ही सोय नाही, तिथे २०१९ पासून इरिडियमच्या उपग्रहांवरचे रिसीव्हर हेच एडीएस-बी मेसेज ऐकतात.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार! १० सेकंदांची अट घातली आणि उड्या जवळपास गेल्याच. एनएसीपी टाइप कोड (एडीएस-बी मेसेजमध्ये कुठली माहिती आहे ते सांगणारा आकडा) ३१ च्या मेसेजमध्ये सापडला, एनआयसी मात्र जागेच्या मेसेजच्या टाइप कोडवरून काढावा लागतोय.

आता मल्टिलॅटरेशन करून बघायचंय. पण एक मायक्रोसेकंद चुकला तर ३०० मीटरचा घोळ आणि साध्या डोंगलचं घड्याळ तापलं की सरकतं. ज्याची जागा खात्रीची आहे अशा विमानाचे मेसेज धरून सगळ्या रिसीव्हरची घड्याळं जुळवता येतील ना? कुणी केलं असेल तर किती वेळाने परत जुळवावी लागतात तेवढं सांगा.