आखूड हायड्रोजन बाँड: न्यूट्रॉन डेटा लागेलच का, आणि फिगरचं काय करू?

वारणाकाठ_केमिस्ट
नमस्कार मंडळी, माझ्या एका ऑरगॅनिक अ‍ॅसिडच्या सॉल्टचं सिंगल क्रिस्टल एक्स-रे स्ट्रक्चर झालंय, आर फॅक्टर (मॉडेल आणि डेटा किती जुळतात त्याचा आकडा) पण छान आलाय. त्यात एक ओ-एच-ओ हायड्रोजन बाँड आहे, दोन ऑक्सिजनमधलं अंतर फक्त 2.45 अँगस्ट्रॉम. पेपरात मी हायड्रोजन एका ऑक्सिजनला जोडून दाखवला तर रिव्ह्यूअर विचारतोय की तो मधोमध नाही कशावरून, न्यूट्रॉन डेटा द्या, आणि वर फिगर ब्लर आहे ती पण बदला. न्यूट्रॉनसाठी कुठे जायचं? सर म्हणाले आधी चौकशी कर.

ट्रॉम्बे_लोकल
रिव्ह्यूअरचा मुद्दा रास्त आहे. एक्स-रे इलेक्ट्रॉनवरून विखुरतात, हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन एकच आणि तोही बाँडकडे ओढलेला, म्हणून ओ-एच 0.82 वगैरे येतं, न्यूक्लियसचं खरं अंतर 0.97 च्या आसपास असतं आणि इतक्या आखूड बाँडमध्ये तर अजून जास्त. तुम्ही रायडिंग मॉडेल वापरलं असेल तर ती जागा प्रोग्रॅमने ठरवलीय. न्यूट्रॉन न्यूक्लियसवरून विखुरतो. हायड्रोजनची स्कॅटरिंग लेंग्थ (न्यूट्रॉनला किती जोराने विखुरतो त्याचं माप) -3.74 फेम्टोमीटर, कार्बनची 6.65, म्हणजे हायड्रोजन अगदी ठसठशीत दिसतो, फक्त चिन्ह उलटं असल्यामुळे अणूंच्या जागा दाखवणाऱ्या नकाशात शिखराऐवजी खड्डा येतो.

लांब जायची गरज नाही, ट्रॉम्बेला ध्रुव रिअ‍ॅक्टरवर सिंगल क्रिस्टल डिफ्रॅक्टोमीटर आहे, युनिव्हर्सिटीवाल्यांनी यूजीसी-डीएई सीएसआर (विद्यापीठांना अशा सुविधा वापरायला देणारी संस्था) च्या मुंबई सेंटरकडे प्रपोजल टाकायचं. अमिनो अ‍ॅसिडमधले हायड्रोजन तिथे 1970 च्या दशकात सायरस या जुन्या रिअ‍ॅक्टरवर शोधलेत, तेव्हा या कामाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. खरी अडचण क्रिस्टलची. एक्स-रेला 0.2 मिलिमीटरचा चालतो, इथे बीम खूप क्षीण असतो म्हणून दोन-तीन मिलिमीटरचा, आतून स्वच्छ असा हवा. आजपासूनच हळू इव्हॅपोरेशनला लावा आणि बीकर हलवू नका.

स्फटिकप्रेमी
हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम (जड हायड्रोजन) घालून बॅकग्राउंड कमी करू असं कोणी सुचवेल, पावडरसाठी ते बरोबरच आहे कारण हायड्रोजनचा इनकोहेरंट क्रॉस सेक्शन (बॅकग्राउंड वाढवणाऱ्या विखुरण्याचं माप) 80 बार्न आणि ड्युटेरियमचा जेमतेम 2. पण तुमच्या केसमध्ये नको! आखूड बाँडमध्ये ड्युटेरियम घातलं की ऑक्सिजनमधलं अंतरच वाढू शकतं, मग ज्याबद्दल प्रश्न विचारलाय तो बाँड तुम्ही मोजलाच नाही असं होईल.

रेषा_रंग
फिगरचं मी सांगते. मर्क्युरीचा (स्ट्रक्चर बघायचा प्रोग्रॅम) स्क्रीनशॉट घेऊन वर्डमध्ये ताणू नका, त्यातूनच पीओव्ही-रे या चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅमने रेंडर करा. 8.5 सेंटीमीटर रुंदीच्या कॉलमला 600 डीपीआय म्हणजे साधारण 2000 पिक्सेल, तेवढं थेट काढायचं आणि टिफ ठेवायचं, जेपेगमध्ये अक्षरांच्या कडेला डाग येतात. एलिप्सॉइड (अणू किती हलतो ते दाखवणारे अंडाकार) 50 टक्के प्रोबॅबिलिटीचे, आणि हे कॅप्शनमध्ये लिहाच. हायड्रोजन कॅल्क्युलेटेड असेल तर तेही लिहा, नाहीतर चित्रात सगळे अणू सारख्याच खात्रीचे वाटतात आणि वाचणारा फसतो. न्यूट्रॉनचा नकाशा आला की निगेटिव्ह कंटूर तुटक रेषेत, लाल-हिरवी जोडी टाळा, बऱ्याच जणांना तो फरक दिसत नाही.

वारणाकाठ_केमिस्ट
खूप आभार सगळ्यांचे. पण प्रपोजल, बीमटाइम होईपर्यंत रिव्ह्यूअरला काय देऊ?

ट्रॉम्बे_लोकल
100 केल्विनला एक्स-रे डेटा परत घ्या, तो हायड्रोजन मॉडेलमधून काढून डिफरन्स फूरिए मॅप (मॉडेलमध्ये न धरलेले इलेक्ट्रॉन कुठे आहेत ते दाखवणारा नकाशा) काढा आणि मॅपच फिगर म्हणून द्या. शिखर एका बाजूला आहे की दोन ऑक्सिजनमध्ये पसरलंय ते रिव्ह्यूअरला स्वतः बघता येईल. पसरलेलं दिसलं तर "एका ऑक्सिजनला जोडलेला" हे वाक्य पेपरातून काढा, आणि तोच मॅप प्रपोजलला जोडा.