ऑक्टोबरात रतनगड ते हरिश्चंद्रगड, पावसाचं काय?

कोथरूडकर: पहिल्या आठवड्यात चौघं निघतोय, तीन दिवस, रतनवाडीतून कात्राबाई खिंडीमार्गे. मोबाईलवर रोज ढग दिसतायत, पुण्यात मात्र कडक ऊन. रेनकोट घ्यायचा की ओझं?

डोंगरवेडी: पुण्याचं हवामान बघून काय उपयोग, हवामान खात्याच्या साईटवर अहिल्यानगर जिल्हा बघ, आणि निघायच्या सकाळी पाऊस कुठे आहे ते दाखवणारं रडार. ऑक्टोबरात पाऊस दुपारी येतो, विजांसकट. म्हणून पहाटे पाचला चालायला लागायचं आणि एक-दीडपर्यंत माथ्यावरून खाली. रतनगडाला लोखंडी शिड्या आहेत, गडगडायला लागलं तर तिकडे फिरकू पण नको.

जुना भटक्या: +१. वीज चमकल्यावर सेकंद मोज, तीनने भाग, तेवढे किमी लांब. पण उत्तर दहा किमी आलं तरी कड्यावरून मागे हो बाबा, कोकणकडा पळून जात नाही. आम्ही एकदा फोटोच्या नादात थांबलो, अंगावरचे केस उभे राहिले, अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

डोंगरवेडी: आणि रात्रीचे कपडे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून, सॅकच्या कव्हरवर भरवसा नको. हरिश्चंद्रगड १४२४ मीटर, पुण्यापेक्षा पाचेक डिग्री थंड, त्यात भिजलेलं अंग आणि वारा.

कोथरूडकर: बरं, घेतो रेनकोट. बूट भिजले तर?

जुना भटक्या: रात्री रद्दी कोंब आत. सकाळी ओलेच असतात, पण निथळत तरी नाहीत 😄