आज्या अगदीच कोंडलेल्या नसतात

नातवंडं सांभाळायला अमेरिकेत आणलेल्या कोरियन आज्या चार भिंतींत कोंडल्या जातात, हे मत मला अर्धंच पटतं. १९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने नागरिकांच्या आईवडिलांवर कोटा ठेवला नाही, त्यामुळे बऱ्याच जणी मुलांच्या मागून, उतारवयात आल्या. त्या वयात ना इंग्रजी येत, ना गाडी. कोंडमारा होतोच.

पण लॉस एंजेलिसला आमच्या शेजारच्या हाल्मोनी (म्हणजे आजीच) वसंतात मैत्रिणींबरोबर परवाना काढून डोंगरात गोसारी खुडायला जायच्या. गोसारी म्हणजे नेच्याचे मुठीसारखे वळलेले कोवळे कोंब. कच्चे विषारी, म्हणून उकडायचे, रात्रभर भिजवायचे आणि बाल्कनीत जुन्या चादरीवर वाळवायचे. सुनेला तो वास अजिबात खपायचा नाही! मला मात्र दरवर्षी पुडी मिळायची.