मदत हवी आहे: १४ वर्षांनी प्राँगहॉर्नच्या (हरणासारखं अमेरिकी जनावर) शिकारीचा टॅग, म्हणजे परवाना, लागला, पाण्यावर बसू की मागावर जाऊ?

नमस्कार मंडळी. मी फिनिक्सला असतो. दर फेब्रुवारीला अर्ज करत होतो. अखेर या सोडतीत ॲरिझोनाच्या युनिट १० या शिकारक्षेत्रातल्या नराचा, रायफलने शिकार करायचा टॅग लागला. नंबर न लागलेल्या वर्षांचे साठवलेले, सोडतीत संधी वाढवणारे बोनस पॉइंट त्यात गेले, त्यामुळे पुन्हा कधी नंबर लागेल सांगवत नाही. जीव लावून तयारी करतोय.

सेलिगमनजवळचं माळरान दोनदा पालथं घातलं. आडोसा जवळजवळ नाहीच, आणि हे जनावर मैलभरावरून हालचाल टिपतं. गुरांच्या तळ्याशी दबा धरावा म्हटलं, तर मान्सून बरसला की जागोजागी डबकी भरतात आणि कळप पांगतात. शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे (रानात लावून ठेवायचे, जनावर आलं की आपोआप फोटो काढणारे) २०२२ पासून बंद, पाण्यापासून पाव मैलाच्या आत तंबूही ठोकता येत नाही.

सप्टेंबरात तिथे शिकार केलेल्यांनी कृपया सांगा: पाऊस चांगला झाला असेल तर तळं सोडून द्यावं का? मीलनाच्या हंगामात नकली नर दाखवून दुसरा नर खरंच जवळ येतो का? आणि सगळ्यात मोठी काळजी मांसाची. त्या उन्हात कातडं किती लवकर उतरवता, बर्फ किती नेता? एक घासही वाया जाऊ द्यायचा नाहीये.