'स्टीम अँड सेल यॉट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातल्या एका चित्राखाली मराठी ओळ लिहायची आहे. चित्रात 'सनबीम' आहे : तीन डोलकाठ्या, वाऱ्याने फुगलेली शिडं आणि मधूनच डोकावणारं धुरांडं. 'बाष्पशीडनौका' सुचलं, पण म्हणून बघताना जिभेला गाठ बसली.

उत्तर : आगबोट आहे की! वाफेवर चालते ती आगबोट.

उत्तर : आगबोट म्हटलं की आम्हा कोकणातल्यांना भाऊचा धक्का, वळकट्या आणि बोट लागलेली माणसं आठवतात. 'सनबीम' ही ब्रिटिश खासदार थॉमस ब्रॅसी यांची हौसेची बोट. १८७४ची बांधणी, १८७६-७७मध्ये सगळं कुटुंब घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा. १८८७मध्ये ती मुंबईलाही येऊन गेली. मुख्य म्हणजे तिचं इंजिन जोडीला होतं. वारा पडला किंवा बंदरात शिरायचं असलं की कामाला यायचं. इंग्रजीत 'स्टीम' आधी असलं तरी मराठीत शीड आधी यायला हवं.

प्रश्नकर्ता : मग 'गलबत'?

उत्तर : नको. गलबत आंग्र्यांच्या आरमारात लढलं, पुढे त्याने माल वाहिला. 'विहारनौका' म्हणाल तर तळ्यातली पायाने चालवायची बदकं डोळ्यांपुढे येतात. 'यॉट'च ठेवा. तो शब्द तरी इंग्रजांचा कुठे आहे? डच भाषेत त्याचं मूळ शिकारीत आहे. पाठलाग करणारी चपळ नाव ती यॉट. १६६०मध्ये अ‍ॅमस्टरडॅम शहराने इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला 'मेरी' नावाची यॉट भेट दिली आणि शिकारीची नाव राजाच्या मौजेची झाली.

प्रश्नकर्ता : आणि 'मरीन पेंटिंग'? सागरचित्र चालेल?

उत्तर : लाटा, आभाळ, किनारा हा विषय असेल तर चालेल. इथे समुद्र नुसता पाठीमागच्या पडद्यासारखा आहे. ज्याला निसर्गचित्र नव्हे, व्यक्तिचित्र म्हणतो, तसं हे जहाजाचं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अँटोनियो जेकबसन या डॅनिश चित्रकाराने अशी हजारो चित्रं काढली. जहाज बहुधा कुशीवरून, नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत सबंध दिसेल असं. मी 'नौकाचित्र' म्हणेन.

उत्तर : जाता जाता, पुढच्या डोलकाठीवरच्या आडव्या काठ्यांना नुसत्या 'काठ्या' म्हणू नका, 'परबाण' हा जुना शब्द आहे. आणि चित्रात धूर नि निशाण एकाच बाजूला उडतायत का, तेही बघा. चित्रकाराने समुद्र पाहिलाय की नाही, ते तिथे कळतं.

प्रश्नकर्ता : उडतायत! ओळ अशी केली : 'सनबीम : वाफेच्या इंजिनाची जोड असलेली शिडाची यॉट. नौकाचित्र.'

उत्तर : 'वाफेच्या'ऐवजी 'वाफेचं' करा, आणि शीड पुढे आणा. 'शिडाची यॉट, जोडीला वाफेचं इंजिन.'